पाडली किती, उरली किती

जुने नाणे समोर ठेवले की पाहणारा आधी त्यावरचा सन शोधतो. सन जितका मागचा तितकी किंमत जास्त, असा आपला सरळ हिशेब. अमेरिकी नाण्यानोटांच्या संग्रहात हा हिशेब पहिल्याच पायरीवर मोडतो. १८५० च्या दशकातला झिजलेला तांब्याचा मोठा सेंट तिथे आजही साध्या पगारदाराला परवडतो. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी पाडलेले, १९३३ सालचे वीस डॉलरचे सोन्याचे एक नाणे मात्र २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८८ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेले. टांकसाळीने किती नाणी पाडली हा आकडाही एकटा पुरत नाही. किती उरली, कुठे उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली, या प्रश्नांभोवती हा छंद आणि त्याचा बाजार फिरतो. नव्या संग्राहकाच्या हातात लोक किमतींची यादी देतात. माझ्या मते त्याला आधी ही नाणी कशी नष्ट झाली, त्याचा इतिहास वाचायला द्यायला हवा.

अमेरिकेचे स्वतःचे नाणे तसे उशिरा आले. २ एप्रिल १७९२ रोजी काँग्रेसने टांकसाळीचा कायदा केला, फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली आणि घड्याळे व खगोलशास्त्राची उपकरणे बनवणारे डेव्हिड रिटनहाउस तिचे पहिले संचालक झाले. डॉलर हे मापही उसने घेतलेले. स्पॅनिश साम्राज्याच्या मेक्सिको-पेरूकडच्या टांकसाळींतून निघणारे आठ रियालांचे चांदीचे नाणे वसाहतींत आधीपासून चालत होते, त्याच्यावरच नवा डॉलर बेतला. हे परदेशी नाणे अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. त्यामुळे अमेरिकी पैशाचा संग्रह ज्याला मुळापासून करायचा आहे, त्याने पहिल्या खणात स्पेनच्या राजाला जागा द्यावी. ती त्याची हक्काची आहे.

टांकसाळीचा पहिला चलनी सेंट १७९३ चा. त्याच्या एका बाजूला केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवता आणि दुसऱ्या बाजूला पंधरा कड्यांची गोल साखळी. पंधरा राज्यांची एकजूट दाखवायला ती कोरली होती, पण लोकांना तिच्यात बेड्या दिसल्या. माणसे विकली जात होती त्या देशात स्वातंत्र्याच्या नाण्यावर साखळी, ही टीका झोंबणारी होती. टांकसाळीने लगेच साखळी काढून पानांची माळ आणली. तोवर ३६,१०३ नाणी पडून गेली होती. पहिला ठसा कोरणाऱ्याला कडेने अक्षरे बसवताना जागा पुरली नाही, म्हणून काही नाण्यांवर देशाचे नाव 'अमेरि.' असे तोडलेले आहे. नवे राष्ट्र आपले नाव धातूवर पहिल्यांदा कोरत होते, त्या वेळची घाई त्या टिंबात आजही दिसते. मला या सगळ्या दालनात याहून बोलके नाणे दुसरे वाटत नाही.

संग्रहाची हौस त्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजू लागली. फिलाडेल्फियात वाद्ये दुरुस्त करणारे जोसेफ मिकली १७९९ साली जन्मले. तरुणपणी त्यांनी आपल्या जन्मसालाचा सेंट शोधायला घेतला आणि तो सहजी मिळेना. त्या शोधातून त्यांचा मोठा संग्रह उभा राहिला. पुढे १८५७ मध्ये मोठा सेंट बंद झाला, उडत्या गरुडाचा छोटा सेंट आला, आणि लहानपणापासून हाताळलेले नाणे आता दिसणार नाही म्हटल्यावर लोक ते बाजूला ठेवू लागले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी निघाली, १८९१ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन. तरी तोवर हा बऱ्यापैकी सुस्थित लोकांचा नाद होता. तो घरोघरी गेला १९३० च्या मंदीत. पुठ्ठ्यावर सालवार भोके पाडलेले फलक स्वस्तात मिळू लागले आणि खिशातल्या चिल्लरीतून ते भरण्याचा खेळ मुलांना-मोठ्यांना मिळाला. टेक्ससचे व्यापारी बी. मॅक्स मेल यांनी १९१३ च्या 'लिबर्टी' पाच-सेंटीला पन्नास डॉलर देऊ, अशा जाहिराती देशभर केल्या, आणि लाखो लोक सुटे पैसे निरखून पाहू लागले. १९४६ मध्ये आर. एस. योमन यांचे लाल पुठ्ठ्याचे किंमतपुस्तक आले. 'रेड बुक' या नावाने ते आजही दरवर्षी निघते. बाल्टिमोरचे वित्त व्यावसायिक लुई एलियासबर्ग यांनी तर १९५० मध्ये तोवर माहीत असलेले प्रत्येक सालाचे आणि प्रत्येक टांकसाळीचे अमेरिकी नाणे मिळवून दाखवले.

आता नाशाकडे वळू. अमेरिकी नाण्यांचा मोठा शत्रू झीज नव्हे, मूस. १८३४ मध्ये सरकारने सोन्याच्या नाण्यांचे वजन घटवले. त्यामुळे जुन्या नाण्यातले सोने दर्शनी किमतीहून महाग झाले आणि लोकांनी ती बिनदिक्कत आटवली. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे, आज त्यांतली तीनच ज्ञात आहेत. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, तिसरे २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरांना विकले गेले. चांदीच्या लहान नाण्यांवर हीच पाळी १८५३ मध्ये आली.

पण सर्वांत मोठी मूस पेटली ती १९१८ साली, आणि तिचे कारण हिंदुस्थानात होते. ही हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात जातो. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी घेऊन तिची नाणी पाडण्याची सक्ती केली होती. नेव्हाडासारख्या राज्यांतल्या खाणमालकांना गिऱ्हाईक हवे होते, ते सरकारच्या रूपाने मिळाले. इंग्लंडहून आलेले कोरकामगार जॉर्ज मॉर्गन यांनी फिलाडेल्फियातल्या ॲना विल्यम्स या शिक्षिकेला समोर बसवून त्या नाण्याचा चेहरा घडवला. हा मॉर्गन डॉलर कोट्यवधींनी पडला. खिशात तो जड, त्यामुळे लोक त्याच्याऐवजी चांदीच्या हमीवर निघालेल्या नोटा वापरत आणि नाणी हजारहजारांच्या पिशव्यांतून तिजोऱ्यांत पडून राहत.

इकडे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारला सैन्याच्या आणि मालाच्या खर्चासाठी चांदीचे रुपये अपुरे पडू लागले. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, तीही लोकांच्या गळी उतरेना. १९१८ च्या वसंतात युद्धाच्या बातम्या बिघडल्या तशी मुंबईसह ठिकठिकाणच्या चलन कचेऱ्यांवर नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची गर्दी लोटली. नोट वटली नाही तर राज्याचीच पत जाणार होती. लंडनने वॉशिंग्टनकडे चांदी मागितली. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी मंजूर झाला आणि त्याखाली २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर आटवले गेले. त्यांतल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी ब्रिटनला, म्हणजे हिंदुस्थानसाठी, औंसाला एक डॉलर या दराने विकली. ती इथे आली आणि मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. मॉर्गन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी. पंचम जॉर्जच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हिशेब केला तर एका डॉलरच्या चांदीत सुमारे सव्वादोन रुपये निघतात. आजीच्या डब्यात १९१८ किंवा १९१९ चा मुंबई छापाचा रुपया असेल, तर नेव्हाडाच्या खाणीतली चांदी त्या घरात असण्याची चांगलीच शक्यता आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी मुशीत गेली, याची नोंदच ठेवली गेली नाही. म्हणून मॉर्गन डॉलरच्या बाबतीत 'इतकी पाडली' हा छापील आकडा अनेकदा दिशाभूल करतो. १८९५ साली फिलाडेल्फियात १२,००० साधी नाणी पाडल्याचे कागद सांगतात, पण संग्राहकांसाठी खास काढलेली ८८० 'प्रूफ' नाणी सोडली तर त्या सालाचे त्या टांकसाळीचे साधे नाणे समोर आलेले नाही. उलट उदाहरण १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स छापाचे. आटवणीत जवळजवळ सगळे गेले असे धरून १९६० च्या सुरुवातीला कोऱ्या करकरीत नाण्याची यादीतली किंमत पंधराशे डॉलरांवर गेली होती. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून जुन्या पिशव्या बाहेर निघाल्या, त्यांत ही नाणी भरलेली. किंमत काही महिन्यांत गडगडली. त्यानंतर लोकांनी वॉशिंग्टनच्या खजिन्यासमोर डॉलरसाठी रांगा लावल्या आणि मार्च १९६४ मध्ये सरकारने नोटेच्या बदल्यात चांदीचा डॉलर देणे बंद केले. मागे राहिलेली, मुख्यतः कार्सन सिटी टांकसाळीची, जवळपास तीस लाख नाणी १९७२ ते १९८० या काळात सरकारने पेट्यांत घालून थेट लोकांना विकली. दुर्मीळता ही कायमची मालमत्ता आहे असे मानून पैसे गुंतवणाऱ्यांनी १९०३ च्या या नाण्याची गोष्ट पाठ करावी.

१९३३ च्या सोन्याच्या नाण्याची चर्चा सर्वांत जास्त होते, म्हणून ती थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ५ एप्रिल १९३३ च्या आदेशाने नागरिकांकडचे सोने सरकारजमा करायला लावले. संग्राहकांच्या दृष्टीने खास असलेली दुर्मीळ नाणी त्यातून वगळली होती. त्याच साली पाडलेली वीस डॉलरची ४,४५,५०० नाणी चलनात न जाता आटवायची होती, पण काही टांकसाळीबाहेर निसटली. त्यांतले एक इजिप्तचा राजा फारूक याने १९४४ मध्ये परवाना काढून नेले. बरेच पुढे, १९९६ मध्ये, न्यूयॉर्कच्या हॉटेलात सरकारी हस्तकांनी सापळा लावून असेच एक नाणे पकडले. ते फारूकचेच मानले जाते. खटला तडजोडीने मिटला आणि २००२ मध्ये ते ७५ लाख ९० हजार डॉलरांना विकले, त्यात वीस डॉलर वेगळे मोजले होते. नाणे सरकारने अधिकृतपणे चलनात काढल्याची ती किंमत! फिलाडेल्फियाच्या एका सराफाच्या वारसांकडे निघालेली दहा नाणी मात्र न्यायालयाने सरकारचीच ठरवली. मला तो निकाल कायद्याने बरोबर वाटतो, पण इतक्या दशकांपूर्वीचा धातू आजही असा जप्त होऊ शकतो हे पचायला जड जाते.

काही दुर्मीळता तर मुद्दाम घडवलेली. १८०४ चे चांदीचे डॉलर १८०४ मध्ये पडलेच नाहीत. १८३४-३५ मध्ये राजदूत एडमंड रॉबर्ट्स यांच्या हाती मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला नाण्यांचे संच भेट द्यायचे ठरले, तेव्हा टांकसाळीने तो जुना सन घालून ते तयार केले. रॉबर्ट्स यांचे जहाज 'पीकॉक' मस्कतच्या भेटीनंतर मुंबईलाही आले होते. पुढे टांकसाळीतल्यांनीच आणखी काही पाडली. आज सगळी मिळून पंधराच्या आसपास डॉलर माहीत आहेत, आणि मस्कतच्या सुलतानाला दिलेला मानला जाणारा डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजारांना गेला. जाहिरातींनी गाजलेली १९१३ ची पाच-सेंटीही अशीच. पाचच आहेत, आणि त्या अधिकृत हुकमाविना पाडल्या गेल्या. त्यांतली एक बाळगणारे जॉर्ज वॉल्टन १९६२ मध्ये मोटार अपघातात वारले. तज्ज्ञांनी त्यांच्या घरच्यांना नाणे खोटे असल्याचे सांगितले. तरी त्यांनी ते टाकले नाही. चाळीस वर्षे ते कपाटात पडून राहिले. २००३ मध्ये बाल्टिमोरला उरलेल्या चार नाण्यांशेजारी ठेवून पाहिले तेव्हा ते खरे ठरले, आणि २०१३ मध्ये ३१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.

अवस्था हा विषय सर्वांत वादाचा. मॉर्गन डॉलर भिंगाखाली धरा. देवतेचा गाल मोठा आणि सपाट, त्यामुळे पिशवीत हजार नाणी एकमेकांवर आदळली की ओरखडे आधी गालावर उठतात. कधीच चलनात न आलेले नाणेही असे जखमी असते. गाल स्वच्छ, कानावरच्या केसांचे तंतू सुटे, गरुडाच्या छातीवरची पिसे भरलेली, असे नाणे मिळणे कठीण, आणि किंमत तिथे उडी घेते. हे मोजायला १ ते ७० ची श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये जुन्या मोठ्या सेंटांसाठी ती मांडली. सत्तरचे नाणे एकच्या सत्तरपट किमतीचे असावे, असा त्याचा त्या वेळचा बाजारी हिशेब होता. तो हिशेब केव्हाच मोडला, श्रेणी मात्र राहिली. याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून जागी हलके ठेवल्याचे त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयीन वादातून उघड झाले. छंदाला मोजपट्टी देणाऱ्याने असे करावे, याचे वाईट वाटते.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या शुल्क घेऊन नाणे तपासतात, श्रेणी देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद चौकटीत घालून परत करतात. त्या चौकटीला 'स्लॅब' म्हणतात. तिने खोट्या नाण्यांचा त्रास खूप कमी केला, दूरच्या गिऱ्हाइकाला न पाहता खरेदी करता येऊ लागली, हे मोठे काम झाले. पण चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक डोळ्याच्या अंदाजाचा असतो आणि किमतीतला फरक दुपटीहून मोठा असू शकतो. म्हणून व्यापारी चौकट फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात, एक अंक वाढेल या आशेने. लोक नाण्याऐवजी चिठ्ठी विकत घेऊ लागले, ही तक्रार मला रास्त वाटते. चौकट जरूर पाहावी, पण नाणे स्वतः वाचता आले पाहिजे.

आणि नाणे धुऊ नये. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. तांब्या-पितळेची भांडी लख्ख ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे सांगणे भाग आहे. टांकसाळीच्या ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा त्यावर बारीक रेषा उठतात आणि त्यांच्यामुळे प्रकाश नाण्यावर फिरतो. घासल्याने त्या जातात, त्या परत आणता येत नाहीत. काळाने चढलेली निळी-तांबूस छटा तर अनेकांना चांदीच्या पांढऱ्या चकाकीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

कागदी पैशाकडे येताना मला नेहमी वाटते की या दालनाला त्याच्या योग्यतेइतके वाचक मिळत नाहीत. नोट नाण्यापेक्षा जास्त बोलते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी पेनसिल्व्हेनियासाठी छापलेल्या नोटांवर झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा असे. पानांच्या शिरा हुबेहूब कोरणे कुणाला जमणार नाही, हा त्यांचा विचार, आणि वर नक्कल करणाऱ्याला मृत्युदंडाची धमकी. स्वातंत्र्ययुद्धासाठी १७७५ पासून काढलेल्या 'काँटिनेंटल' नोटा इतक्या छापल्या गेल्या आणि इंग्रजांनी त्यांच्या इतक्या नकला सोडल्या, की १७९० मध्ये नव्या सरकारने शंभर डॉलरला एक या दराने त्या रोख्यांत बदलून घेतल्या. त्यानंतर यादवी युद्धापर्यंत राज्या-राज्यांतल्या खासगी बँका स्वतःच्या नोटा काढत. बँक बुडाली की नोट रद्दी. आज त्या 'बुडीत बँकां'च्या नोटा मुबलक मिळतात, रेल्वे, देवमासे, गवळणी, कारखाने यांची अप्रतिम कोरीव चित्रे त्यांवर असतात, आणि कमी पैशांत संग्रह सुरू करू पाहणाऱ्याला मी आधी त्याच सुचवीन.

१८६१ मध्ये युद्धखर्चासाठी संघराज्याने स्वतःच्या नोटा काढल्या. पाठ हिरव्या शाईची, म्हणून 'ग्रीनबॅक' हे नाव पडले. तेव्हापासूनची प्रत्येक संघराज्याची नोट आजही दर्शनी किमतीला चालते. लोकांनी धातूची नाणी दडवल्यामुळे १८६२ ते १८७६ पर्यंत काही सेंटांच्याही कागदी नोटा निघाल्या. पाच सेंटांच्या नोटेवर नोटछपाईचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी स्वतःचाच चेहरा छापला, काँग्रेस संतापली आणि १८६६ मध्ये नोटांवर जिवंत माणसाचे चित्र टाकण्यास बंदी आली. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या नोटांचे नशीब वेगळे. त्यांच्या पहिल्या नोटा न्यूयॉर्कच्या कंपनीने छापल्या होत्या. युद्ध हरल्यावर राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने ते कर्ज फेडायलाच मनाई केली. कुणी त्या वटवू शकले नाही, म्हणून त्या मोठ्या संख्येने उरल्या. काहींवर कापूस वेचणारे गुलाम कोरलेले आहेत. ती चित्रे सजावट म्हणून भिंतीवर लावू नयेत, पण संग्रहात ती असावीत. गुलामांच्या श्रमावर कोणती राजवट उभी होती, हे ती राजवट स्वतःच्या नोटेवर सांगते.

माझ्या आवडीचा भाग १८६३ ते १९३५ मधल्या 'नॅशनल बँक' नोटांचा. नोट संघराज्याच्या नमुन्याची, पण तिच्यावर गावच्या बँकेचे नाव, सनद क्रमांक, आणि जुन्या नोटांवर बँकेच्या अध्यक्षाची व रोखपालाची शाईने केलेली सही. बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. परत आलेल्या नोटा सरकार नष्ट करी, त्यामुळे एखाद्या छोट्या गावाची एकच नोट शिल्लक असू शकते. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट आणि तिच्याच नमुन्याची अशी एकुलती नोट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. संग्राहक आपल्या आजोबांच्या गावाची नोट शोधत वर्षानुवर्षे घालवतात. त्या रोखपालाच्या सहीत शाई कुठे साकळली, टाक कुठे अडखळला, तेही दिसते.

सौंदर्यासाठी १८९६ च्या एक, दोन आणि पाच डॉलरच्या 'एज्युकेशनल' नोटा अजोड आहेत. एका डॉलरवर इतिहासदेवता मुलाला वॉशिंग्टन शहर दाखवते आहे. पाचावर विजेची देवता आहे, आणि तिच्या उघड्या छातीवरून कुरकूरही झाली. तीनच वर्षांत नव्या नोटा आल्या. १८९९ च्या पाच डॉलरवर लकोटा लोकांचा प्रमुख रनिंग अँटिलोप आहे, पण डोक्यावर त्याच्या जमातीचा नव्हे, पॉनी जमातीचा शिरपेच. सरकारी नोटेवर सन्मानाने घेतलेल्या माणसाची ओळखही नीट जपली गेली नाही, ही खंत मला त्या सुंदर कोरीव कामासमोर नेहमी वाटते. १९२९ मध्ये नोटांचा आकार लहान झाला, आणि पर्ल हार्बरनंतर १९४२ मध्ये हवाई बेटांसाठी ठळक 'हवाई' छापलेल्या नोटा आल्या. बेटे जपानच्या हाती पडली तर तेवढ्याच नोटा रद्द करता याव्यात म्हणून. आधीच्या सुमारे वीस कोटी डॉलरच्या नोटा स्मशानाच्या आणि साखर कारखान्याच्या भट्टीत जाळल्या. इथेही मूसच, फक्त कागदाची.

बनावटीबद्दल. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबे वाचवायला सेंट पोलादाचे पाडले, चुकून थोडे तांब्याचे पडले. लगेच पोलादी सेंटांवर तांब्याचा मुलामा देणारे निघाले. चुंबकाला चिकटला की खोटा, इतकी सोपी कसोटी. 'व्हीडीबी' अक्षरांच्या १९०९ च्या लिंकन सेंटवर 'एस' किंवा १९१६ च्या दहा सेंटी डाइमवर 'डी' हे टांकसाळीचे अक्षर चिकटवणे ही जुनी लबाडी. पहिल्याची पाडणी ४,८४,०००, दुसऱ्याची २,६४,०००, आणि दोन्हींना भरपूर मागणी. १९३७ च्या डेन्व्हर पाच-सेंटीवर ठसा जास्त घासला गेल्याने बायसनचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. लोक साध्या नाण्यावरून पाय खरवडून तीन पायांचा बायसन करतात. खऱ्या नाण्यावर पोटाखाली उठावदार ठिपक्यांची बारीक रांग जमिनीकडे उतरते, ती खरवडणाऱ्याला करता येत नाही. हल्ली चीनमध्ये घडवलेल्या चांदीच्या डॉलरच्या नकला पर्यटकांच्या बाजारात सर्वत्र दिसतात. त्यांना वजनकाटा बहुधा पुरतो: २६.७३ ग्रॅम भरत नसेल तर घेऊ नका.

मराठी घरांत अमेरिकी पैसा आता सहज सापडतो. मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे, म्हणून टेबलाच्या खणात राज्यांच्या चित्रांची क्वार्टर नाणी, देवघरात शुभ म्हणून ठेवलेली १९७६ ची दोन डॉलरची नोट, कुठे निळ्या शिक्क्याची १९५७ ची एक डॉलरची. प्रेमाने ठेवा, पण ही सगळी विपुल छापलेली आहेत आणि वापरलेल्या अवस्थेत बहुतेकांची किंमत दर्शनी रकमेच्या आसपासच असते. १९६४ पर्यंतची डाइम, क्वार्टर आणि अर्धा डॉलर मात्र नव्वद टक्के चांदीची आहेत, ती वेगळी काढावीत. जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये देऊ म्हणून आधी 'नोंदणी शुल्क' मागणारे फोन आले तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला आहे. आणखी एक: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. जुना रुपया मुलाच्या संग्रहासाठी न्यू जर्सीला पाठवण्याआधी हे तपासा.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, टेक्ससमध्ये स्थिरावलेल्या मराठी संग्राहकांना एक विनंती आहे. नाण्यासोबत चिठ्ठी ठेवा: कुठून घेतले, कधी, किती किमतीला, कुणाकडून. ती चिठ्ठी मराठीत असली तरी चालेल, पण मुलांना वाचता येईल अशी एक इंग्रजीत असावी. वॉल्टन यांच्या घरच्यांनी खोटे ठरलेले नाणेही चाळीस वर्षे जपले. तुमच्या मुलांपुढे ती वेळ येऊ नये, एवढी सोय एका कागदाने होते, आणि तो कागद याच आठवड्यात लिहून टाका.